आकाशाचे छायाचित्रण : आरंभीच्या खर्चाविषयी काही विचार

मागील मार्गशीर्षात मजकडे एक पत्र आले. लिहिणारा मध्य प्रदेशातील एका तालुक्याच्या गावी राहणारा, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र स्वतःच्या हाताने घ्यावे, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. शहरातील एका विक्रेत्याने त्यास आठ इंची आरशाची दुर्बीण, तिची बैठक आणि कॅमेरा मिळून दीड लाखाच्या वरचे अंदाजपत्रक दिले होते आणि त्याचे वडील पतसंस्थेतून कर्ज काढावयास तयार झाले होते. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता : ‘घ्यावी की न घ्यावी, एवढेच कळवावे.’

‘घेऊ नये’ एवढे उत्तर मी त्याच दिवशी टपालात टाकले. परंतु त्यामागील कारणे एका पत्रात मावणारी नव्हती, आणि असा प्रश्न विचारणारा हा विद्यार्थी काही एकटा नव्हे. म्हणून ती येथे सविस्तर मांडतो.

आकाशाच्या छायाचित्रणाविषयी आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. हा श्रीमंतांचा छंद आहे, सामान्य माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये, ही पहिली. मोठी दुर्बीण घेतली की छायाचित्रे आपोआप येतात, ही दुसरी. पहिल्या समजुतीने कित्येक तरुण आरंभच करीत नाहीत, आणि दुसरीच्या भरी पडून जे आरंभ करतात ते दोन-तीन हिवाळ्यांत थकून थांबतात. या दुसऱ्या वर्गात मी स्वतः होतो, हे सांगावयास मला संकोच वाटत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षातील सगळी शिल्लक मी एका दुर्बिणीत घातली. नळी उत्तम होती, आरसाही निर्दोष होता. परंतु ज्या पायांवर ती उभी होती ते वाऱ्याच्या झुळकेने थरथरत आणि तिला ताऱ्यांमागे फिरविणारी यंत्रणा नावापुरतीच होती. तीन हिवाळ्यांत मला चंद्राखेरीज एकही धड चित्र मिळाले नाही. चौथ्या पावसाळ्यात नेत्रभिंगांवर बुरशी चढली. त्यातील एक भिंग अद्याप माझ्या टेबलावर आहे. कागद दाबून ठेवण्यास त्याचा उपयोग होतो.

चूक कोठे झाली हे समजण्यास थोडे गणित करावे लागते. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. त्यामुळे आकाशाच्या विषुववृत्ताजवळील तारा आपल्या दृष्टीपुढून दर सेकंदास १५ विकला या वेगाने सरकतो. डोळ्यास हे जाणवत नाही, परंतु कॅमेऱ्याचा संवेदक ज्या सूक्ष्म घरांचा, म्हणजे पिक्सेलांचा, बनलेला असतो त्यांस ते तत्काळ जाणवते. ४ मायक्रॉनचे एक घर ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या भिंगामागे आकाशाचा सुमारे साडेसोळा विकलांचा तुकडा पाहते. तारा ते घर सेकंदाहून थोड्या अधिक वेळात ओलांडतो. तेच घर १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीमागे लावले तर त्याच्या वाट्यास एक विकलाही येत नाही, आणि तारा सेकंदास अठरा घरे ओलांडून जातो. मिनिटभर झडप उघडी ठेवावी तर हजारावर घरे! बिंदूऐवजी पांढरी रेघ मिळते. यावरून ध्यानात येईल की दुर्बीण जितकी लांब, तितकी तिला फिरविणारी बैठक अचूक असावी लागते, आणि अचूकता महाग असते. एक लहान नळी पेलून तिला मिनिटे-मिनिटे ताऱ्यावर स्थिर ठेवील अशी विषुववृत्तीय बैठक, जिला हौशी मंडळी ‘माउंट’ म्हणतात, ती एकटीच आज लाखाच्या घरात जाते. विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात नळीस मोठा आणि बैठकीस लहान वाटा होता. ग्राहक नळीचा व्यास पाहतो, म्हणून विक्रेताही तोच दाखवितो. त्यास एकट्यास दोष देण्यात अर्थ नाही.

या विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरलेली आहे, म्हणजे पूर्णचंद्रासारखी सहा बिंबे एका ओळीत ठेवावीत इतकी. त्यास सुचविलेल्या दुर्बिणीचे नाभीय अंतर १००० मिलिमीटर, आणि त्यामागे नेहमीच्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा बावीस मिलिमीटर रुंदीचा संवेदक. यांच्या चौकटीत आकाशाचा जेमतेम सव्वा अंश मावतो. दीड लाख रुपये खर्चूनही त्यास जे हवे होते ते अर्धे देखील दिसले नसते. उलट २०० मिलिमीटरच्या एखाद्या जुन्या भिंगातून सहा अंशांहून अधिक आकाश दिसते, आणि देवयानी त्यात ऐसपैस बसते. मोठ्या दुर्बिणीने अधिक दिसते हे नेत्रनिरीक्षणात बव्हंशी खरे आहे. छायाचित्रणात ते अनेकदा उलटे पडते.

मग आरंभ कशाने करावा? माझे मत असे की पहिल्या वर्षी दुर्बिणीवर एक रुपयाही खर्च करू नये. कॅमेरा उसना आणावा.

उसन्या कॅमेऱ्यास कोणी हसू नये. १८८२ साली दक्षिण गोलार्धात एक तेजस्वी धूमकेतू दिसला, तेव्हा केप वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्याजवळ आकाशाचे छायाचित्र घेण्याचे साधन नव्हते. त्यांनी गावातील एका व्यावसायिक छायाचित्रकाराची मदत घेतली आणि माणसांच्या तसबिरी काढण्याचा त्याचा कॅमेरा वेधशाळेतील विषुववृत्तीय दुर्बिणीच्या अंगावर बांधला. धूमकेतू तर उमटलाच, पण त्यामागे अगणित तारेही उमटले. ते पाहून गिल यांनी दक्षिण आकाशाची छायाचित्रांवरून यादी करावयाचे ठरविले. त्या काचांची मोजणी केली हॉलंडातील ग्रोनिंगेन येथे काप्टाइन यांनी. त्यांच्या विद्यापीठात वेधशाळाच नव्हती! साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची ती यादी १८९६ ते १९०० या काळात प्रसिद्ध झाली. येथे कॅमेरा मागून आणलेला होता हे जितके खरे, तितकेच तो ज्या बैठकीवर बसविला ती उत्तम होती हेही खरे.

एडवर्ड बर्नार्ड हे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते. नॅशव्हिल येथील एका छायाचित्रगृहात लहानपणापासून काम करणाऱ्या या गरीब मुलाने १८७७ च्या सुमारास पाच इंची दुर्बीण घेतली. तिची किंमत ३८० डॉलर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा सुमारे दोन-तृतीयांश भाग होती. हे उदाहरण माझ्या मताविरुद्ध जाते असे कोणी म्हणेल. परंतु बर्नार्डने ती दुर्बीण डोळ्याने धूमकेतू शोधण्यासाठी घेतली होती, आणि त्या कामास ती योग्यच होती. पुढे लिक वेधशाळेत त्याने आकाशगंगेची जी कीर्तिमान छायाचित्रे घेतली, त्यांसाठी वापरले ते तसबिरीच्या धंद्यातील एक जुने भिंग. त्याच वेधशाळेत छत्तीस इंची प्रचंड दुर्बीण उभी असताना!

आपल्याकडे असा कॅमेरा कोणाजवळ असतो, हे निराळे सांगावयास नको. प्रत्येक तालुक्याच्या गावी लग्नाची छायाचित्रे काढणारा मनुष्य असतो. लग्नसराईत तो आपला कॅमेरा क्षणभरही हातावेगळा करणार नाही हे उघड आहे. परंतु पंचांगाची येथे मोठी कृपा आहे. डिसेंबराच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ज्यास आपण धनुर्मास म्हणतो आणि उत्तरेकडे खरमास म्हणतात, त्या काळात बहुतेक ठिकाणी लग्ने होत नाहीत. आणि नेमके त्याच महिन्यात मृग नक्षत्र आपल्या अर्ध्या रात्रीच्या आकाशावर राज्य करते. कॅमेरा रिकामा, आकाश स्वच्छ, आणि आरंभ करणाऱ्यास याहून उदार नक्षत्र नाही. मृगाच्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी १८८० च्या सप्टेंबरात ५१ मिनिटे काच उघडी ठेवून घेतले. आजचा साधा कॅमेरा ते काम तिपाईवरून, काही सेकंदांच्या शे-दीडशे चित्रांत करतो. ती चित्रे संगणकावर एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली की दाणेदारपणा चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभर चित्रांनी तो दहापट कमी होतो. हे करणारे ‘सिरिल’ किंवा ‘डीप स्काय स्टॅकर’ यांसारखे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. कॅमेरा विकतच घ्यावयाचा असेल तर वापरलेला डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरचे भिंग वीस-पंचवीस हजारांत मिळू शकते. तेवढेही नसेल, तर हल्लीच्या पुष्कळशा भ्रमणध्वनींत दहा-वीस सेकंद झडप उघडी ठेवण्याची सोय असते. कृत्तिका त्यावरही उमटतात.

बैठकीचे काय, असा प्रश्न राहतो. तयार मिळणारे लहान अनुसरण यंत्र, ज्यावर केवळ कॅमेरा बसतो, आज साधारणतः चाळीस-पन्नास हजारांस पडते. माझ्या मते हीच पहिली मोठी खरेदी असावी, पण दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षासाठी दोन फळ्या पुरेत. जॉर्ज हेग या हौशी निरीक्षकाने १९७५ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकातून ही युक्ती पुढे आणली. हातभर लांबीच्या दोन फळ्या एका टोकास बिजागरीने जोडाव्यात. बिजागरीच्या दांड्यापासून २२.८६ सेंटिमीटरवर खालच्या फळीत नट बसवून त्यातून सहा मिलिमीटरचा बोल्ट असा घालावा की तो फिरविला असता वरची फळी उचलली जाईल. या बोल्टाचा आटा नेहमी एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्यास फळी एक मिलिमीटर उचलते. आता २२.८६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ काढून पाहावा : तो १४३६ मिलिमीटर भरतो, आणि पृथ्वीची फेरीही १४३६ मिनिटांची असते. मिनिटास एक फेरा या गतीने बोल्ट फिरवीत राहिले की वरची फळी ताऱ्यांच्या चालीने चालते. घड्याळाकडे पाहत दर पंधरा सेकंदांस पाव फेरा दिला तरी ५० मिलिमीटरच्या भिंगास चालते. बोल्ट सरळ आणि वर्तुळ वाकडे असल्याने आठ-दहा मिनिटांनंतर चूक वाढत जाते; तेव्हा बोल्ट मागे घेऊन पुन्हा आरंभ करावा. वरच्या फळीवर कोणत्याही दिशेस वळणारे डोके लावून त्यावर कॅमेरा बसवावा, आणि बिजागरीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखावा. ध्रुव आपल्या गावच्या अक्षांशाइतका उंच असतो : दिल्लीस साडेअठ्ठावीस अंश, पुण्यास साडेअठरा, चेन्नईस अवघा तेरा. दक्षिणेकडील वाचकांस तो अनेकदा क्षितिजावरील धुरकटीत हरवलेला आढळेल. त्यांनी उत्तर दिशा होकायंत्राने व उंची कोनमापकाने साधावी.

आता ज्या खर्चाचा कोणत्याही अंदाजपत्रकात उल्लेख नसतो, त्याकडे वळतो. तो म्हणजे अंधार. मोठ्या शहराच्या आकाशाची दीप्ती आणि खऱ्या काळोख्या गावाच्या आकाशाची दीप्ती यांत तीन प्रतींचे अंतर सहज असते, म्हणजे सोळापट. अंधुक तेजोमेघाचे जे चित्र गावात एका तासात मिळते, त्याच दर्जाचे चित्र शहराच्या गच्चीवरून मिळविण्यास सोळा तास प्रकाश साठवावा लागतो. सोळा तास म्हणजे हिवाळ्यातील तीन-चार निरभ्र, चांदण्याविना रात्री; आणि आपल्या देशात पावसाळ्याचे चार महिने व प्रत्येक महिन्यातील चांदण्याचा पंधरवडा वजा केला तर अशा रात्री वर्षाकाठी किती उरतात, हे वाचकानेच मोजावे. शहरातील हौशी मनुष्य हा तोटा भरून काढण्यासाठी केवळ हायड्रोजनचा तांबडा प्रकाश आत सोडणाऱ्या गाळण-काचा आणि थंड केलेले कॅमेरे विकत घेतो. त्यांची किंमत पुन्हा लाखाकडे जाते, आणि देवयानीसारख्या दीर्घिकेस त्यांचा फारसा उपयोगही होत नाही, कारण तिचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो. थोडक्यात, शहरातील मनुष्य जे पैसे देऊनही पुरते मिळवू शकत नाही, ते माझ्या पत्रलेखकाच्या अंगणात फुकट पडलेले होते, आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हते. आपल्यापाशी काही नाही, म्हणून कर्ज काढावे, असे त्याने गृहीत धरले होते!

हे धन मात्र झपाट्याने चालले आहे. ग्रामपंचायतीच्या खांबांवर आलेले पांढरे दिवे खाली जितका प्रकाश टाकतात तितकाच आजूबाजूस उधळतात. त्यांवर टोपी बसवावी एवढी साधी मागणी कोणी करीत नाही, कारण अंधार ही कोणाची गरज असू शकते हेच आपणांस पटत नाही. लडाखमधील हानले येथे २०२२ साली काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये तसाच दर्जा मिळाला. ही दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु हानलेचा प्रवास हा पुन्हा एक मोठा खर्चच आहे, आणि विद्यार्थ्यास अंधार पाहिजे तो सायकलच्या अंतरावर.

ग्रह आणि चंद्र यांची गोष्ट वेगळी आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांस लांब दुर्बीणच लागते; पण ते इतके तेजस्वी आहेत की अचूक बैठकीची गरज कमी पडते, आणि शहरातूनही काम होते. अलीकडे मिळू लागलेल्या स्वयंचलित लहान दुर्बिणी स्वतःच तेजोमेघ शोधून स्वतःच चित्रे रचतात. एखाद्या शाळेने अशी एक घेतली तर मी तिचे कौतुक करीन. पण ज्यास शिकावयाचे आहे त्याने तिच्यापासून आरंभ करू नये. ती सारे स्वतः करते, आणि चित्र बिघडले तर ते का बिघडले हे कळण्यास वाव ठेवीत नाही.

तरीही एक वेळ अशी येते की फळ्या अपुऱ्या पडतात आणि लाखाची बैठक खरोखरीच हवी असते. ती प्रत्येकाने विकत घ्यावी असे मला वाटत नाही. १९२६ साली अमेरिकेतील चल ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेकडून एक सहा इंची दुर्बीण समुद्र ओलांडून बंगालमध्ये आली, ती जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांच्यासाठी. हे गृहस्थ तोवर तीन इंची दुर्बिणीने निरीक्षणे करून पाठवीत असत. पुढे ती दुर्बीण वेणु बाप्पू यांच्याकडे गेली. एक उपकरण, अनेक हात.

आपल्या देशात अशी उपकरणे नाहीत असे नव्हे. २००९ हे खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते, त्याच वर्षी २२ जुलैस खग्रास सूर्यग्रहणाची छाया सुरतेपासून पाटण्यापर्यंत गेली. त्या सुमारास घेतलेल्या दुर्बिणी मी अनेक महाविद्यालयांत पाहिल्या आहेत. एके ठिकाणी उत्तम जर्मन पद्धतीची विषुववृत्तीय बैठक कपाटात होती. तिच्या खोक्याची चिकटपट्टी देखील निघालेली नव्हती. प्राध्यापकांस विचारले तेव्हा त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर पुढे केले. वस्तू त्यांच्या नावावर होती. ती मोडली वा हरवली तर निवृत्तीच्या वेळी हिशेब त्यांच्याकडून मागितला जाणार. अशा स्थितीत ती विद्यार्थ्याच्या हाती कोण देईल? मी त्या प्राध्यापकांच्या जागी असतो तर मीही कपाट बंदच ठेवले असते.

दोष नियमात आहे, आणि तो दुरुस्त करणे अवघड नाही. ग्रंथालयातील पुस्तक फाटते, हरवते, हे आपण मान्य करतो आणि दरवर्षी काही पुस्तके यादीतून कमी करतो. प्रयोगशाळेत काचेची भांडी फुटतात, तीही बाद केली जातात. दुर्बीण, बैठक, कॅमेरा यांस हाच न्याय लावावा. अनामत रक्कम घेऊन एका अमावास्येपुरते ते विद्यार्थ्यांस व गावातील हौशी मंडळींस द्यावे. आणि दरसाल ठराविक टक्के नुकसान होणारच हे गृहीत धरून ते कोणा एका शिक्षकाच्या डोक्यावर ठेवू नये. नव्या खरेदीसाठी अनुदान मागण्यापूर्वी जुने खोके उघडले किती, हे विचारले जावे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालत आलेल्या हौशी संस्था आपल्याकडे आहेत. जेथे अशी संस्था असेल तेथे महाविद्यालयाने देखभालीचे काम तिच्यावर सोपवावे, म्हणजे पावसाळ्यात उपकरणे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवणारे कोणीतरी असेल.

आमच्या विद्यार्थ्याने कर्ज काढले नाही. पौषातील अमावास्येनंतर त्याचे दुसरे पत्र आले. फळ्या, बिजागरी आणि बोल्ट मिळून त्यास साडेतीनशे रुपये पडले होते. कॅमेरा गावच्या छायाचित्रकाराचा, आणि तो छायाचित्रकार स्वतःही थंडीत त्याच्याबरोबर शेतात बसला होता. सोबत मृगाचे चित्र होते. बोल्ट सारख्या गतीने न फिरल्यामुळे तारे किंचित लांबट झाले आहेत, डावा कोपरा दवाने पुसट आहे; पण तीन ताऱ्यांच्या खाली तेजोमेघाचा गुलाबी ठिपका स्पष्ट दिसतो. त्याच्या महाविद्यालयातही एक दुर्बीण असल्याचे त्यास आता समजले आहे. तिची बैठक उन्हाळ्यापूर्वी एका रात्रीसाठी मिळावी म्हणून त्याने प्राचार्यांकडे अर्ज केला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.